वाचकांचे प्रश्न : आता कळून काय उपयोग?

प्रौढ वयात झालेल्या ऑटिझमच्या निदानाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

प्रश्न : माझा जन्म १९७१ चा. पाच महिन्यांपूर्वी मला ऑटिझम असल्याचे निदान झाले. माझ्या मुलीची तपासणी चालू होती आणि तिच्या लहानपणाची माहिती देताना मी दर वेळी ‘पण यात वेगळे ते काय, मीही अशीच होते’ असे म्हणत राहिले. शेवटी तपासणाऱ्या बाईंनी ‘तुम्ही स्वतःचीही तपासणी करून घ्याल का?’ असे विचारले. मी ३० वर्षे हिशेब तपासनीस म्हणून नोकरी केली, संसार केला. ‘तुटक आहे’, ‘शिष्ट आहे’ यापलीकडे माझ्याविषयी कोणी काही म्हटले नाही. आजही फोन करण्याआधी मी बोलायची वाक्ये कागदावर लिहून घेते. पलीकडून काय उत्तर येईल याचे तीन पर्याय बाणांनी काढून ठेवते आणि समोरच्याने चौथेच काही विचारले, तर ‘चुकून लागला’ असे सांगून फोन ठेवते. निदान ऐकले त्या दिवशी इतके हलके वाटले, की घरी येऊन दुपारभर झोपले. आता मात्र रात्री जुने प्रसंग एकेक करून आठवतात, राग येतो, रडू येते. यजमान म्हणतात, ‘अगं, इतकी वर्षे निभावलेस ना, मग आता कळून काय उपयोग?’ मला याचे उत्तर देता येत नाही. शिवाय लोकांसमोर वावरणारी ती बाई मी नव्हतेच, असे असेल तर मग मी कोण, ही भीती वेगळीच.

उत्तर : आपल्या यजमानांचा प्रश्न ऐकायला कोरडा असला तरी टाळण्यासारखा नाही, आणि मी त्याकडे येणारच आहे. परंतु त्याआधी आणखी एक प्रश्न पाहायला हवा, जो आपण शब्दांत विचारलेला नाही. रात्रीच्या रागाच्या मुळाशी मात्र बहुधा तोच आहे. हे आधी कोणालाच कसे कळले नाही?

कळणे जवळजवळ अशक्यच होते. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे वर्णन करताना घडवला. पुढे अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांत मुली फक्त ३ होत्या. त्यानंतर वर्षभरातच बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पेर्गर यांनी व्हिएन्नात ज्या मुलांविषयी लिहिले, ती भरभरून बोलणारी आणि एखाद्या विषयात बुडून जाणारी होती. तो निबंध जर्मन भाषेत असल्याने इंग्रजी वाचणाऱ्या वैद्यकविश्वापर्यंत तो खऱ्या अर्थाने पोहोचायला ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांचा १९८१ चा लेख यावा लागला. आता ही सनावळी आपल्या आयुष्याशेजारी ठेवून पाहा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० मध्ये, तीही ‘शैशवातील’ या विशेषणासह आणि लक्षणे वयाच्या ३० महिन्यांच्या आत दिसली पाहिजेत या अटीवर. त्या वर्षी आपण नऊ वर्षांच्या होतात, व्यवस्थित बोलत होतात, शाळेत जात होतात. आपल्याकडे त्या दृष्टीने पाहण्याचे कोणाला कारणच नव्हते. आस्पेर्गर यांच्या नावाचे वेगळे निदान त्या पुस्तिकेत आले १९९४ मध्ये, तेव्हा आपण २३ वर्षांच्या होतात, आणि त्या नावाखालीही शोधले जात ते प्रामुख्याने मुलगेच. २०१३ च्या आवृत्तीत हे सगळे प्रकार ऑटिझमच्या एकाच वर्णपटात (स्पेक्ट्रममध्ये) आले. आवाज, प्रकाश, स्पर्श यांची संवेदना फार तीव्र किंवा फार मंद असणे हा निदानाचा एक निकष ठरला. त्याच आवृत्तीने हेही नोंदवले, की लक्षणांचे मूळ बालपणात असले तरी परिस्थितीच्या मागण्या वाढेपर्यंत ती पुरती दिसणार नाहीत किंवा मोठेपणी शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे झाकली जातील. आपल्या कागदावरचे बाण ही अशीच एक युक्ती होय. आपल्याला ओळखू शकेल असे वाक्य छापले गेले, तेव्हा आपण ४२ वर्षांच्या होतात.

मराठीत आपण ऑटिझमला स्वमग्नता म्हणतो. ब्लॉयलर यांचा शब्दही ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आलेला असल्याने भाषांतर चुकले असे म्हणता येत नाही. तरी त्या शब्दाने घोटाळा केला आहे, असे माझे मत आहे. स्वमग्न म्हटले की कोपऱ्यात पाठ करून बसलेला मुलगा डोळ्यांपुढे येतो. पलीकडचा माणूस काय म्हणेल याचे तीन पर्याय काढून ठेवणारी बाई काही येत नाही. आपले तर सारे लक्ष आयुष्यभर दुसऱ्यांवरच खिळलेले होते.

इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांना मी दीर्घकाळ सामाजिक चिंतेसाठी, म्हणजे लोकांत वावरण्याच्या भीतीसाठी, समुपदेशन करत होते. त्या समुपदेशनात आम्ही समुपदेशक रुग्णाला हे पटवत असतो, की लोक तुमच्याकडे तुम्हाला वाटते तितके बघत नसतात. ते गृहस्थ दर वेळी ऐकून घेत आणि पुढच्या वेळी अधिकच थकून येत. त्यांचा ऑटिझम पुढे दुसऱ्या कोणीतरी ओळखला, तेव्हा माझ्या लक्षात आले, की लोक त्यांच्याकडे खरोखरच बघत होते. त्यांचा अनुभव खरा होता आणि मी त्यांना तो खोटा असल्याचे शिकवत होते. आपल्यालाही अशी चुकीची स्पष्टीकरणे पुष्कळ मिळाली असतील : हळवी, हट्टी, गर्विष्ठ, आळशी. राग त्या स्पष्टीकरणांचा आहे आणि तो वाजवी आहे. निदानानंतर आधी सुटका, मग शोक आणि संताप, मग पुन्हा सुटका, असे हेलकावे पुष्कळांना वर्ष-दीड वर्षसुद्धा जाणवतात. त्यामुळे पाचव्या महिन्यात आपण मागे पडला आहात, असे समजू नका.

मात्र ही उजळणी रात्री करू नये. दिवसा, ठरावीक वेळी, एका वहीत एक प्रसंग लिहावा आणि त्याच्याखाली दोनच गोष्टी नोंदवाव्यात : त्या वेळी मी काय समजले होते आणि आज मला काय दिसते. असे करताना एक पथ्य पाळा. प्रत्येक जुना अपमान ऑटिझमच्या खात्यावर टाकू नका. काही वेळा समोरची व्यक्ती केवळ उद्धट होती, आणि तिला तेवढ्यासाठी आपण माफ करण्याचे काहीच कारण नाही. तसेच या काळात नोकरी सोडणे, नाते तोडणे असे मोठे निर्णय लांबणीवर टाकता आले तर टाका. आणि रडणे ओसरण्याऐवजी वाढत गेले, झोप किंवा भूक गेली, जगण्याचा कंटाळा येऊ लागला, तर वही बाजूला ठेवून विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. उशिरा निदान झालेल्या व्यक्तींमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळतात, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे.

‘मग मी कोण’ या प्रश्नाने मला पुन्हा त्या कागदाकडे नेले. तो कागद आपण खोट्या असल्याचा पुरावा म्हणून पुढे केला आहे. मला तो वाचताना आपली अगदी खरी ओळख झाली, कारण संभाषणासारख्या निसरड्या गोष्टीचा आराखडा काढून त्यातल्या शक्यता मोजणे हे हिशेब तपासनिसालाच सुचेल. लोकांत मिसळून जाण्यासाठी ऑटिस्टिक व्यक्ती चढवतात त्याला मुखवटा म्हणतात, आणि तो असा आपल्याच हातांनी घडलेला असतो. अडचण त्याच्या वजनाची आहे. शिकून घेतलेल्या सवयींपैकी काही आपल्याला आता आवडतही असतील, त्या ठेवा. काही निव्वळ भीतीपोटी चालू असतील, त्यांतली एखादी घरातल्या एकाच माणसापुढे सोडून बघा. उदाहरणार्थ, बोलताना डोळ्यांत बघण्याचा आटापिटा न करता हातातल्या कामाकडे बघत बोला. पुष्कळांना असे आढळते, की नजर सांभाळण्यात खर्च होणारे लक्ष मोकळे झाल्यावर समोरच्याचे बोलणे जास्त नीट ऐकू येते.

आता यजमानांचा प्रश्न. त्यांनी वापरलेले क्रियापद फार बोलके आहे : निभावलेस. निभावले हे खरेच, पण त्याचा खर्च कोणत्या खात्यात पडला हे आपल्याइतके चांगले कोण तपासणार? पाहुणे गेल्यावर उठणारी डोकेदुखी, सुट्टीचा पहिला दिवस अंथरुणात जाणे, दिव्यांच्या लखलखाटात आणि गोंगाटात दिवसभर बसल्यानंतर घरच्यांवर निघणारा राग, हे सारे आजवर ‘स्वभाव’ या नावाखाली नोंदले गेले असेल. निदानाचा उपयोग त्यांना एका वाक्यात सांगा : पाहुणे गेल्यावर मला दोन तास अंधारी खोली लागते आणि ती मागताना यापुढे भांडण व्हायला नको. एवढे पुरेसे आहे. दुसरा उपयोग डॉक्टरांकडे जाताना होईल. भूक, वेदना, थकवा यांची आतली जाणीव काही ऑटिस्टिक व्यक्तींना उशिरा किंवा वेगळ्याच रूपात होते आणि चेहऱ्यावर ती उमटतेच असे नाही. ‘तुम्ही तर ठीक दिसता’ हे वाक्य त्यामुळे धोक्याचे ठरू शकते, म्हणून दुखणे किती दिवसांचे आहे, कोणते काम त्यामुळे थांबले, हे लिहूनच न्या. लिहून नेण्याची सवय आपल्याला आहेच.

आणखी एक गोष्ट दोघांनी मिळून वाचावी अशी आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले, की ऑटिस्टिक व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही ही अर्धीच बाजू झाली. इतरांनाही ऑटिस्टिक व्यक्तीचे मन तितकेच कळत नसते. आपण यजमानांना वाचायला शिकण्यात तीन दशके घालवली आहेत. त्यांनी आता आपल्याला वाचायला थोडा वेळ द्यावा, ही मागणी मुळीच अवाजवी नाही.

प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून संगणकप्रणाली लिहिण्याचे काम करतो. इंटरनेटवरील ५० प्रश्नांच्या एका चाचणीत माझे गुण बरेच जास्त आले. एका डॉक्टरांकडे गेलो, तर दहा मिनिटे बोलून ते म्हणाले, ‘डोळ्यांत बघून बोलता, नोकरी करता, तुम्हाला कसला ऑटिझम?’ मी इथेच थांबावे, की दुसरीकडे जावे? आणि निदान झाले, तर कार्यालयात सांगावे का?

उत्तर : आपण सोडवलेली चाचणी बहुधा सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या केंब्रिजमधील सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली असावी. ती एक चाळणी आहे. पुढे तपासणी करावी का, एवढेच ती सांगते. दीर्घकाळची चिंता, एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) किंवा जुना मानसिक आघात यांमुळेही तिच्यातले गुण वाढू शकतात. त्याच न्यायाने दहा मिनिटांची गप्पासुद्धा निदान नाकारायला पुरेशी नाही. प्रौढांची नीट तपासणी म्हणजे बालपणाचा तपशीलवार इतिहास, शक्य असल्यास आईवडिलांशी किंवा मोठ्या भावंडांशी बोलणे, सविस्तर मुलाखत, आणि बहुतेक ठिकाणी ठरावीक कामे देऊन केलेले निरीक्षण. वर्षानुवर्षे सराव केलेली व्यक्ती तासाभराच्या निरीक्षणात सहज निसटू शकते, म्हणून तपासणारा मनुष्य ‘हे तुम्ही कसे करता’ असे विचारतो की फक्त ‘हे तुम्हाला जमते का’ असे, याकडे लक्ष ठेवा. डोळ्यांत बघणे जमते. पण ते मोजून-मापून होते का, तीन सेकंद झाले आता नजर हलवावी असा हिशेब मनात चालू असतो का, हे त्या डॉक्टरांनी विचारले नाही. दुसरीकडे अवश्य जा. जाताना जुनी प्रगतिपुस्तके सापडली तर घेऊन जा. गुणांपेक्षा शेऱ्यांची ओळ कामाची असते. एडीएचडीचीही चौकशी करायला सांगा, कारण अमेरिकी निदानपुस्तिकेच्या २०१३ पूर्वीच्या आवृत्तीत ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला देण्याची मुभा नव्हती आणि त्या काळात शिकलेल्या काहींच्या मनात तो नियम अजून रुतून बसलेला आहे.

कार्यालयात आधी निदान न सांगता गरज सांगावी, असे मी सुचवेन. ‘कामाच्या सूचना तोंडी सांगण्याऐवजी लिहून द्याव्यात’, ‘माझी जागा दाराजवळून हलवावी’ अशा मागण्यांना प्रमाणपत्र लागत नाही, आणि त्यांना मिळणाऱ्या प्रतिसादावरून वरिष्ठ कसे आहेत याचा अंदाजही येतो. अधिकृत सवलत हवी असेल किंवा नोकरीच धोक्यात येत असेल, तेव्हा कागद पुढे करावा. एकदा सांगितलेले परत घेता येत नाही, एवढे ध्यानात असू द्या.

प्रश्न : मी ७८ वर्षांची आहे. माझ्या ४९ वर्षांच्या मुलाला नुकतेच ऑटिझमचे निदान झाले. तो आता मला त्याच्या लहानपणाविषयी सारखा विचारतो आणि उत्तर देताना मला अपराध्यासारखे वाटते. चार वर्षांचा असताना तो माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणे आधी रंगांप्रमाणे आणि मग भोकांच्या संख्येप्रमाणे मांडत तासन्तास बसे. ‘खुळा आहेस का’ म्हणून एके दिवशी मी तो डबाच टाकून दिला. माझे काय चुकले?

उत्तर : आपल्या वागण्याने त्यांना ऑटिझम झालेला नाही, ही गोष्ट पहिल्यांदा मनाशी पक्की करा. गेल्या शतकाच्या मध्याला मात्र थंड, माया न करणाऱ्या आयांमुळे मुले अशी होतात, असे मोठमोठे तज्ज्ञ छापून सांगत असत. त्या आयांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ असे नावही पडले होते आणि अमेरिकेत मुलांच्या मानसोपचाराविषयी लिहिणारे ब्रूनो बेटेलहाइम यांच्या लेखनाने ही समजूत फार दूरवर पसरली. स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये त्या समजुतीला सविस्तर उत्तर दिले. पुढे १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा समोर आला आणि नंतरच्या जुळ्यांच्या अभ्यासांनी तो भक्कमच केला. आपला मुलगा जन्माला आला त्या सुमारास हे शास्त्रच असे चाचपडत होते.

ते विचारतात ते उलटतपासणीसाठी विचारत असतील, असे मला वाटत नाही. त्यांच्या पहिल्या चार-पाच वर्षांची आठवण आता बहुधा फक्त आपल्याकडेच उरली आहे, आणि ती त्यांना हवी आहे. ते केव्हा बोलू लागले, कोणत्या आवाजाला कान झाकत, कोणते कपडे अंगावरून काढून टाकत, नवख्या घरी गेल्यावर काय करत, हे सुचेल तसे सांगत जा. एका बैठकीत सगळे आठवण्याची गरज नाही. बटणांची गोष्टही सांगा, आणि ती सांगताना भोकांच्या संख्येचा तपशील विसरू नका, कारण रंगांवरून लावणारी मुले पुष्कळ असतात. डबा टाकून दिल्याचेही सांगा. त्यांना तो दिवस कदाचित आठवतही असेल. त्या दिवशी आपण कशाला भ्यालात, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसेल.